लाइन चालू आहे

४ फेब्रुवारी

…तर आई उठतच नाही.

दचकू नकोस. तिला काही झालेलं नाही, म्हणजे तू ज्याला ‘काही झालं’ म्हणशील तसं काही नाही. मायना घातला नाही, कारण काय घालावा ते सुचेना. ‘प्रिय’ लिहिलं तर तू नाक मुरडणार, आणि नुसतं नाव लिहिलं तर ते आमच्या लाँड्रीच्या पावतीसारखं दिसतं. म्हणून मधूनच सुरू केलंय. नाहीतरी आपल्या घरची रीत तीच आहे.

झालंय असं, की दुपारचे चार घास पोटात गेले की आई खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसते, भिंतीकडे तोंड करून. तिथे ती किल्ल्या अडकवायची फळी आहे बघ, बाबांनी ठोकलेली. माझ्या मोबाइलच्या चार्जरची वायर आणि जुन्या टेबललॅम्पची वायर अशा दोन वायरी ती फळीच्या दोन खिळ्यांना गुंडाळते, त्यांची मोकळी टोकं दोन हातांत धरते, आणि ताठ बसून राहते. मग थोड्या थोड्या वेळानं तिचा तो ड्यूटीवरचा आवाज निघतो, गोड आणि कोरडा. “तीन मिनिटं झाली. वाढवायची का?” उत्तर येत नाही. मी म्हणते, आई, चल, जरा आडवी हो. ती म्हणते, “लाइन चालू आहे, मला उठता येत नाही.” अंधार पडेपर्यंत हेच. कधी कधी त्यानंतरही.

तुझ्या लेकाला यातलं काही कळणार नाही. त्याला सांग, एके काळी लांबच्या गावी फोन लावायचा तर आधी नंबर नोंदवून तासन्‌तास वाट बघावी लागायची. त्याला ट्रंक कॉल म्हणायचे, आणि एक्स्चेंजमधल्या बोर्डावर त्याच्या आजीसारख्या बायका हातानं दोन टोकं जोडून द्यायच्या. तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन विचारायच्या, वाढवायची का. आजी हे काम सव्वीस वर्षं करत होती म्हणून सांग. अर्थात तो विचारेल, की आजी कोण.

जाऊ दे. मुद्द्यावर येते. फोनवर लोक काय बोलतात ते ऐकायची आईला मनाई होती, पण लाइन लागली का ते बघायला आणि तीन मिनिटं झाल्याचं सांगायला मध्ये जावंच लागायचं. तेवढ्यात कानावर पडेल ते तुकडे ती घरी आणायची. नावं सांगायची नाहीत, हा तिचा नियम. पाय धुऊन आपल्या दोघींच्या मध्ये बसायची आणि सुरू व्हायची, “मग ती म्हणाली, कुत्र्याला मी आणणार नाही.” कोण ती, कुठला कुत्रा, काही पत्ता नाही. मी मोठी, म्हणून सुरुवात मी रचायची. तू धाकटी, म्हणून शेवट तुझा. माझं झालं की आई तुझ्याकडे वळून म्हणायची, “मग?”

त्यातला एक तुकडा तुला आठवत असेल. दोन माणसं लाइनवर आहेत आणि बोलतच नाहीत. आईला वाटलं लाइन मेली, म्हणून ती मध्ये गेली, तर दोन्हीकडून नुसते श्वास. तिनं विचारलं, वाढवायची का? एक जण म्हणाला, “वाढवा.” आणि पुन्हा गप्प. मी सुरुवात अशी केली होती, की ते दोघं जिवलग मित्र आणि एकानं दुसऱ्याची सायकल विहिरीत टाकलेली. तेवढं मला पक्कं आठवतं. तू शेवट काय केलास ते काही केल्या आठवत नाही.

आई त्या कॉलवर अडकली आहे; “दोघं बोलत नाहीत, नुसते श्वास येतात,” असं मध्येच मला सांगते. तो संपल्याशिवाय ती खुर्ची सोडणार नाही. तेव्हा तू काय शेवट केला होतास तेवढा कळव. एका ओळीचं काम आहे.

फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. पत्राचं बरं असतं, वाचलंस की नाही ते मला कळत नाही, त्यामुळे अपमान होत नाही.

ताई

१७ फेब्रुवारी

पत्र पोचलं नसेल असं धरून चालते. पोस्टाला दोष देणं मला जास्त सोयीचं आहे.

दरम्यान शेवट मी स्वतःच करून बघितला. म्हटलं, त्यात काय एवढं, सातआठ वर्षांच्या पोरीला जमायचं ते मला जमेल. पहिल्या दिवशी मी विहिरीतून सायकल काढली, दोघांची गळाभेट करून दिली. आई म्हणाली, “बाई, मध्ये बोलू नका. लाइनवर माणसं आहेत.” दुसऱ्या दिवशी एकाला मारूनच टाकलं, म्हणजे प्रश्न मिटला. त्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की संध्याकाळपर्यंत मी त्याला परत जिवंत केला. मग ‘वाढवा’ म्हणून बघितलं, तर ती खूश झाली आणि आणखी दोन तास बसली. ‘नको, वाढवू नका’ म्हटलं तर विचारते, “आपण कोण बोलताय?”

वरच्या मजल्यावरचे वायरमन काका तुला माहीत आहेत. निवृत्त झालेत, पण पक्कड अजून खिशात असते. मी सकाळी लाँड्रीत असते तेव्हा तेच आईजवळ बसतात. त्यांनी एक युक्ती काढली. जुना खात्याचा शर्ट घालून, टेस्टर कानावर खोचून ते थेट आत आले आणि म्हणाले, “मॅडम, दुरुस्तीसाठी लाइन बंद करतोय.” आईनं मानही वळवली नाही. म्हणाली, “चालू कॉल तोडायला सुपरवायझरला विचारलंत का?” जन्मभर उघड्या तारांशी खेळलेला तो माणूस, पण “नाही मॅडम” म्हणून मागच्या पावली बाहेर गेला आणि जिन्यात जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, “आवाजात जरब आहे हो तुमच्या आईच्या.” हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मलाही हसू पुढे रेटता येईना.

लाँड्रीत मी आता अर्धा दिवसच जाते. काउंटरवर लोक कपडे पसरतात आणि डाग दाखवतात. डाग कसा पडला ते कुणी आपण होऊन सांगत नाही, आणि आम्ही विचारलं तर खोटं सांगतात. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी बाहीवरच्या लिपस्टिकला गंज म्हटलं. मी पावतीवर गंज असं लिहिलं. असं काही घडलं की पूर्वी घरी येऊन आईला सांगायची. आता सांगायला कुणी नाही, म्हणून तुला लिहिलं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी माझी सायकलची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून सांगितली तेव्हा आईनं सगळी ऐकली. ती अडखळली नाही, ‘बाई’ म्हणाली नाही. मग म्हणाली, “मोठे, तुझं झालं. आता तिला बोलू दे.” आणि डावीकडे वळून बघत बसली. तिच्या डाव्या हाताला तू बसायचीस, त्या स्टुलावर. स्टुलावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात.

बराच वेळ ती त्या कपड्यांकडे बघत होती.

ताई

२ मार्च

तुझं कार्ड मिळालं. ‘शेवट आठवत नाही. सुरुवात कुणी केली तेवढं आठवतं.’ सही नाही, तारीख नाही, आई कशी आहे हेसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन वाक्यं, आणि बाकी सगळी जागा मला विचार करायला मोकळी सोडलेली. वा.

तर तुला सुरुवातच काढायची आहे. काढू या.

तीन वर्षांपूर्वी तू आलीस ती बॅग आणि त्या वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक घेऊन. नर्स आहेत, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, खिडकीतून बाग दिसते. आईचे कपडे कुठले न्यायचे तेही तू येतानाच ठरवून आली होतीस. मला विचारायचं तेवढं बाकी होतं, तेही उभ्याउभ्या. रोज रात्री गॅस बंद आहे ना ते चारदा बघणारी मी, आई रस्त्यात सापडली तर तिच्या खिशात पत्ता हवा म्हणून तिच्या सगळ्या गाउनांना खिसे शिवणारी मी, आणि उंटावरून शेळ्या हाकायला तू. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काही उगाच नाही.

मी दार अडवून उभी राहिले हे खरं आहे. त्यावर तू जे बोललीस ते मी विसरलेली नाही. “ताई, तुला आईला सांभाळायचं नाहीये. तुला एकटीनं सांभाळायचंय.” हे तू आईसमोर बोललीस. तिला तेव्हा बरंचसं कळत होतं.

मग मी म्हणाले की यापुढे येशील तेव्हा पाहुणी म्हणून ये. हे मी आधी म्हणाले आणि तुझं ते नंतर आलं, असं तुझं म्हणणं असेल. माझ्या आठवणीत क्रम उलटा आहे. तिथे साक्षीला फक्त आई होती, आणि तिला आता विचारून उपयोग नाही. तेव्हा ही सुरुवात तुझी की माझी याचा निकाल या जन्मी लागत नाही. तू खुशाल तुझ्या बाजूनं लावून घे.

कार्ड मी फाडून टाकलं.

आई ठीक आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

११ मार्च

आई ठीक नाही.

कार्डही फाडलेलं नाही. फळीवर किल्ल्यांच्या मागे खोचून ठेवलंय, आईच्या डोळ्यांसमोर. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ शेवटी वर चढत जाते.

आधीच्या पत्रांत मी तुला हसवत होते, कारण सगळं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, मी सांगत नव्हते? म्हण आता. बसून बसून तिचे पाय टम्म सुजलेत, चपला जात नाहीत. ड्यूटीवर खायचं नसतं म्हणून ती दुपारनंतर तोंड उघडत नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. न्हाणीघरात जायला उठत नाही, त्याचं काय होतं ते तुझं तू समजून घे. रोज ती खुर्ची मी फिनेलनं पुसते. आणि आता माकडहाडापाशी जखम झाली आहे. मी पावडर लावत होते. मला वाटलं घामोळं असेल.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. मला जिन्यापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, “दुपारभर त्यांना कुशीवर झोपवायलाच हवं. जखम आत गेली तर या वयात आपल्या हातात काही राहणार नाही.” मी म्हटलं, ती उठतच नाही. ते म्हणाले, झोपेचं औषध देता येईल, पण त्यानं तोल जाऊन पडतील, मग मांडीचं हाड. एकूण आगीतून फुफाट्यात. माणूस भला आहे, पण त्याला पुढच्या घरी जायचं होतं. जिन्यात मी एकटी उभी राहिले.

त्या दिवशी मी एक केलं. आईच्या हातातून वायरी ओढून घेतल्या. जोरात ओढल्या, सांगून टाकते. वाटलं होतं ती ओरडेल, मारेल, मग थकून झोपेल. ती ओरडली नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाई, तिकडे कुणीतरी सकाळपासून वाट बघून नंबर लावलाय. बोलतील हो ते. थोडा वेळ द्या.” मी वायरी परत तिच्या हातात दिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. नळ कशाला सोडला ते मला माहीत नाही, ऐकायला घरात होतं कोण?

मला फार एकटं वाटतं. लिहिलं एकदाचं. लोक विचारतात, आई कशी आहे, आणि मी म्हणते, आहे. मग ते त्यांच्या शर्टाची पावती घेतात. काकांचं वय झालं, त्यांना तरी किती सांगायचं. आई माझ्याशी दिवसभर बोलते, पण ती ग्राहकाशी बोलते, माझ्याशी नाही. तू त्या दिवशी बोललीस ते तेव्हा खरं होतं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. पण आज मला तिला एकटीनं सांभाळायचं नाहीये. हे मी तुला कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

तर ऐक. बाबांच्या वेळचा तो काळा फोन अजून चालू आहे, नंबर तोच. माझा मोबाइल चार्जरअभावी मेलेलाच असतो, त्यावर करू नकोस. दुपारी चारच्या सुमाराला कर, तेव्हा आई बोर्डावर असते. शेवट आठवला नाही तर राहू दे. काहीही बोल. माझ्याशी भांडलीस तरी चालेल, लाइनवर कुणाचा तरी आवाज येईल. ती जे ऐकायला बसली आहे ते तिला ऐकू येईल.

वाट बघते.

ताई

२० मार्च

फोन ठेवल्यावर तू म्हणाली असशील, आता ताई सगळं लिहून कळवणार. कळवते, कारण इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, आणि या खेपेला शेवट सांगायचं माझ्याकडे आलंय.

घंटा वाजली तेव्हा मी इस्त्री करत होते. किती महिन्यांनी वाजली असेल ती. आईनं चमकून बघितलं, पण वायरी सोडल्या नाहीत. मी रिसीव्हर उचलला, हॅलो म्हटलं, आणि तिकडून काहीच नाही. पण तू होतीस. तुझं नाक लहानपणापासून चोंदलेलं असतं, तो श्वास मी शंभरांत ओळखेन. मला वाटलं तू बोलशील. तुला बहुतेक वाटलं असेल मी बोलेन. पत्रांत मी चुरुचुरु बोलते, पण तेव्हा नुसती रिसीव्हर धरून राहिले. काय बोलणार होते? कशी आहेस? तीन वर्षांचं उत्तर त्यावर तू काय देणार होतीस?

तू तिकडे गप्प, मी इकडे गप्प. इस्त्री टेबलावर तशीच राहिली होती, आणि उशीच्या अभ्र्यावर तिचा काळा त्रिकोण उमटला. वास आल्यावर मी ती बंद केली. आई माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हातातल्या रिसीव्हरकडे, मग परत तोंडाकडे. एवढे दिवस ती जे सांगत होती ते तिच्या समोर चाललं होतं. तिनं मान सरळ केली आणि म्हणाली, “तीन मिनिटं झाली. वाढवायची का?”

मी फोनची वायर ओढत तिच्यापाशी गेले आणि रिसीव्हर आमच्या दोघींच्या कानांच्या मध्ये धरला. तिला पुन्हा विचारावं लागलं. तेव्हा तू म्हणालीस, “वाढवा.”

तुला एवढंच माहीत आहे, की त्यानंतर आईचा आवाज आला. आता पुढचं ऐक. तुझा आवाज ऐकल्यावर आईचा चेहरा सैल झाला. ओळख पटली असं मी म्हणणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून तसं लिहिता आलं असतं, पण नाही लिहीत. लाइन मेलेली नाही हे तिला कळलं, बस. ती म्हणाली, “बोला आता. मी ऐकत नाही.” मग तिनं कानावरचा हेडफोन काढला, जो तिथे नव्हता. तो फळीच्या खिळ्याला अडकवला. वायरी मांडीवर ठेवल्या. आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन, कुणाला हाक न मारता, ती उठली.

तेव्हाच तू विचारलंस, “मग पाय कसे आहेत तिचे?” आणि मी म्हटलं, “डावा जास्त सुजलाय.” आपल्या दोघींचं तीन वर्षांनंतरचं बोलणं आईच्या डाव्या पायापासून सुरू झालं. मी बोलत होते आणि आई भिंतीला धरून पलंगाकडे चालली होती. मी तुला ‘थांब’ म्हटलं, ते तिला कुशीवर वळवायला. मागे उशी लावली, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. तिनं डोळे मिटले. परत आले तर तू लाइनवर होतीस.

मग तू म्हणालीस की शेवट तुला आठवत होता. पहिल्या पत्रालाच आठवला होता, पण रागानं लिहिला नाहीस, आणि खरं तर तो लिहिण्यासारखाही नव्हता. ते दोघं बोलत नव्हते कारण दोघांनाही झोप लागली होती, म्हणून मग ऑपरेटरबाई घरी गेली. संपलं. सायकल विहिरीतच. मी हसले. एवढ्यासाठी मी दीड महिना जीव टांगणीला लावला होता. तूही हसलीस, मग तुझं नाक जास्तच चोंदलं, आणि तू बोलायची थांबलीस. आई घोरत होती, ते तुला ऐकू यावं म्हणून मी रिसीव्हर पलंगाकडे धरून उभी राहिले. हात अवघडला तरी धरला. तू ठेवलास तेव्हाच मी ठेवला.

आता त्यानंतरचं. आई दुसऱ्या दिवशी खुर्चीकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुपारी झोपते, खाते, डॉक्टर म्हणतात जखम भरायला लागली आहे, पण अजून लक्ष ठेवा. काकांनी पेढे वाटल्यासारखं जिनाभर सांगितलं. मीही खूश आहे. पण तिनं त्यानंतर ‘तीन मिनिटं’ म्हटलेलं नाही. ‘मग?’ही विचारत नाही. ड्यूटी संपली तसं तिचं बोलणंही संपत आलंय. काल मी मुद्दाम सायकलची गोष्ट काढली, तर छान हसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दोन वायरी मी फळीवरून काढलेल्या नाहीत. चार्जर नवा आणला. मोबाइल आता दिवसभर भरलेला असतो आणि त्याकडे बघायचं मला काही कारण नसतं. दुपारी घर इतकं गप्प असतं की शेजारच्यांच्या घड्याळाचे टोले ऐकू येतात. सुटका झाली असं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही.

म्हणून लिहिते आहे. ये.

तू फोनवर म्हणालीस, आधी बसून सगळं एकदा बोलायला हवं, कोण काय म्हणालं ते. मी ‘हो’ म्हटलं, पण आता नको म्हणते. ते बोलायला बसलो तर तू तुझ्या क्रमानं सांगशील, मी माझ्या, आणि तुझी सुट्टी दारातच संपेल. आईनं आपल्याला एकही गोष्ट पहिल्यापासून सांगितली नाही, आणि आपलं काही अडलं नाही. पाहुणी म्हणूनही येऊ नकोस. पाहुण्यांना आधी पाणी द्यावं लागतं, विचारपूस करावी लागते, मला तेवढी उसंत नसते. लेकाला घेऊन ये. आजी कोण ते त्याला सांगायला लागणार नाही, पलंगावर झोपलेली दिसेल.

दार लोटलेलं असेल, ढकलून आत ये. चपला काढ, हात धू आणि आईच्या पायाशी बस. संध्याकाळी तिचे पाय खालून वर हलक्या हातानं चोळायचे असतात, म्हणजे सूज उतरते. उजवा पाय मी चोळते, मला त्याची सवय झालीय. डाव्या बाजूला तुझं स्टूल आहे. त्यावरचे कपडे मी उचललेत.

ताई